ट्रायल झाली, पण सगळं सांगितलं का?

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं की डायबेटिसच्या नव्या गोळीची बातमी आलीय, ती खरी धरायची का. मी उत्तरात एवढंच लिहिलं होतं की ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी, झाली हे खरं असलं तरी ट्रायलबद्दल जे छापून येतं ते पूर्ण असतंच असं नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, मेसेज आले, रामबागेत भेटलेल्या दोघांनी रस्त्यातच थांबवलं, म्हणून या वेळी बाकी सगळे विषय बाजूला ठेवलेत. मेडिकलच्या पोरांना ३० वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलंय, हा विषय मनाच्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तरं लांबतील.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ७१ वर्षांचा, बीपी आहे, कोलेस्टेरॉल थोडंसंच वर. डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी लावलीय. मुलानं फोनवर एक जाहिरात पाठवली, तिच्यात मोठ्या अक्षरात हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी. मतलब १०० जणांनी गोळी खाल्ली तर ३६ जण वाचले असंच ना? आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमध्ये यावरून फार वाद झाला, सगळे पोहे खाता खाता भांडत होते. — सुदामा नगरचे एक काका

नाही काका, तसं नाही, आणि तुमच्या ग्रुपमध्ये जो कोणी "असं कसं होईल" म्हणाला असेल तो बरोबर होता. हा ३६ चा आकडा ज्या ट्रायलमधून आला तिचं नाव अॅस्कॉट, २००३ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापली गेली. बीपी असलेले १०,३०५ लोक, कोलेस्टेरॉल फार वर नसलेले, म्हणजे बरेचसे तुमच्यासारखेच. साधारण अर्ध्यांना अॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सव्वातीन वर्षांच्या आसपास बघितलं तर बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत अटॅक आलेले किंवा त्यानं गेलेले १५४ आणि औषधवाल्यांत १००. आता १५४ वरून १०० वर आलं म्हणजे साधारण ३६ टक्के कमी, हे खरंच आहे. पण तेच दर शंभरात मोजा: एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २. म्हणजे शंभर जणांनी तीन-सव्वातीन वर्षं रोज गोळी घेतली तर साधारण एकाचा अटॅक टळला. अमेरिकेत या गोळीची जी जाहिरात यायची तिच्यातही ३६ मोठ्या अक्षरात आणि ३ विरुद्ध २ खाली बारीक अक्षरात होतं.

दुकानदार म्हणाला निम्म्या किमतीत, तर आपण लगेच विचारतो निम्म्या म्हणजे कशाच्या, १० रुपयांच्या कोथिंबिरीच्या की ५ हजारांच्या माहेश्वरी साडीच्या? औषधाच्या टक्क्यांना मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही. ट्रायल कशी लिहावी याचे नियम आहेत, कन्सॉर्ट नावाचे, त्यात स्पष्ट सांगितलंय की हो-नाही प्रकारचा निकाल असेल तर दोन्ही आकडे द्या, टक्क्यांतली घट पण आणि शंभरातला खरा फरक पण. कोणी एकच दिला असेल तर दुसरा मागायचा.

आणि काका, हे वाचून गोळी बंद करू नका हं. ज्यांना आधीच एक अटॅक येऊन गेलाय त्यांचा मूळ धोकाच मोठा असतो त्यामुळे तेवढ्याच टक्क्यांत त्यांचा फायदा जास्त निघतो, आणि तुमचा मूळ धोका किती हे बीपी, साखर, वय, बिडी-सिगारेट सगळं बघून तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. पुढच्या वेळी गेलात की एवढंच विचारा, "माझ्यासारख्या शंभरातल्या किती जणांना पुढच्या दहा वर्षांत अटॅक येतो, आणि गोळीनं किती टळतात?"

प्रश्न : मॅडम, मी इथल्याच एका कॉलेजात एमडी करतोय. थीसिसमध्ये दोन औषधांची तुलना आहे, ६० पेशंट. सोम-बुध-शुक्रला येतील त्यांना एक औषध आणि मंगळ-गुरु-शनिला येतील त्यांना दुसरं असं ठरलंय, पुढच्या महिन्यात सुरू करायचंय. सिनियर म्हणाले पेपरमध्ये "रँडमली दोन ग्रुप केले" एवढं लिही, बस्स. पण ज्या जर्नलला पाठवायचंय ते कन्सॉर्टची चेकलिस्ट भरून मागतात. इतकं काय आहे त्यात?

तुला एकेरीतच लिहिते, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा आहेस. सुरू व्हायच्या आधी विचारलंस याचा मला खरंच आनंद झाला, कारण नंतर विचारून काही उपयोग नसतो.

रँडम म्हणजे कोणाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडणं. वार बघून औषध देणं हे रँडम नाही. का नाही ते तुझ्याच ओपीडीत उभं राहून बघ. मंगळवार आहे, आज नवं औषध, आणि पर्ची घेऊन एक अगदी थकलेले आजोबा आले, तुला मनातून वाटतं की नवं औषध यांना झेपायचं नाही, तू म्हणतोस "बाबा, उद्या या". तुझ्या मनात पाप नाही, माया आहे. पण आजोबा बुधवारी आले आणि दुसऱ्या ग्रुपात गेले. असे चार-पाच झाले की एका ग्रुपात सगळे धट्टेकट्टे, दुसऱ्यात सगळे थकलेले, आणि मग जो फरक निघेल तो औषधाचा की आजोबांचा हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून नुसती चिठ्ठी टाकून भागत नाही, पेशंटला घ्यायचं पक्कं होईपर्यंत चिठ्ठीत काय आहे ते घेणाऱ्याला कळता कामा नये. ही गोष्ट लोक सर्वात जास्त विसरतात.

१९४८ चा टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा पेपर काढून वाच, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, लायब्ररीत बसून शांतपणे वाच. युद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडमध्ये औषध सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच, आणि ब्रॅडफर्ड हिल नावाच्या स्टॅटिस्टिशियननं ठरवलं की मग हे नीटच करू. टीबीचे १०७ पेशंट. प्रत्येकासाठी बंद लिफाफा, बाहेर फक्त हॉस्पिटलचं नाव आणि नंबर, पॅनेलनं पेशंट मंजूर केल्यावरच लिफाफा उघडायचा. स्ट्रेप्टोमायसिन आणि आराम अशा ५५ जणांत सहा महिन्यांत ४ गेले, नुसता आराम अशा ५२ जणांत १४. एक्स-रे वाचणाऱ्यांना कुठली फिल्म कुठल्या ग्रुपची ते माहीत नव्हतं. आणि हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून आज इतक्या वर्षांनी इंदूरात बसून मी तुला सांगू शकतेय की तो निकाल का मानायचा. तुझ्या सिनियरचं एका ओळीचं वाक्य त्या पेपरात असतं तर आपण काय मानलं असतं?

"न लिहिल्यानं काय बिघडतं" यालाही आकडा आहे. १९९५ मध्ये शुल्झ नावाचे संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी २५० ट्रायल्स तपासल्या. ज्यांत चिठ्ठी नीट लपवलेली नव्हती त्यांत ऑड्स रेशो या दोन ग्रुपच्या तुलनेच्या मापानं औषधाचा गुण ४१ टक्के फुगलेला निघाला. आणि ज्यांनी लपवली की नाही हे लिहिलंच नव्हतं त्यांत ३० टक्के. बघ, न लिहिणारे काही मधल्या रिकाम्या जागेत नव्हते, ते चुकणाऱ्यांच्याच शेजारी होते. पुढच्या वर्षी १९९६ ला कन्सॉर्ट आलं, मग २००१, २०१० आणि आता २०२५ ची नवी आवृत्ती, ३० मुद्द्यांची. ही चेकलिस्ट जर्नलवाल्यांनी तुला छळायला काढलेली नाही, जे लपलं की लोकांचा जीव जातो त्या गोष्टींची ती यादी आहे.

एक अनुभव सांगते, बरीच वर्षं झाली, जागा सांगत नाही. एका ट्रायलचं गणित माझ्याकडे आलं होतं. पहिल्याच टेबलमध्ये दोन ग्रुपच्या सरासरी वयात जवळजवळ ९ वर्षांचा फरक. बंद लिफाफे वापरलेत असं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं. योगायोगानं होऊ शकतं पण माझं मन मानेना. पेशंट घेणाऱ्या पोराला बोलावलं, चहा दिला, विचारलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं की लिफाफे पातळ होते, एक्स-रे बघायच्या दिव्यावर धरले की आतलं वाचता यायचं, आणि म्हातारे पेशंट तो जुन्या औषधाकडेच वळवत होता कारण त्याला त्यांची काळजी वाटत होती. मी म्हटलं हे जसंच्या तसं पेपरमध्ये लिहा. नाही लिहिलं. "बंद लिफाफे" एवढेच दोन शब्द छापले, मी माझं नाव काढून घ्यायला लावलं, आणि ते दोन शब्द वाचून कुणीतरी कुठेतरी त्या नव्या औषधावर भरवसा ठेवला असेल हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

तर आता तू काय करायचंस. वारांचा हिशोब सोडून दे. कॉम्प्युटरवरून यादी काढ, ती तुझ्याकडे ठेवू नको, डिपार्टमेंटमधल्या ज्याचा या कामाशी संबंध नाही त्याच्याकडे दे. लिफाफे जाड घे, आत फॉइल किंवा कार्बन घाल, ओळीनं नंबर टाक, पेशंटची सही झाल्यावरच उघड आणि वर तारीख-वेळ लिही. बदल एथिक्स कमिटीकडून, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या कमिटीकडून, मंजूर करून घे. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशाच्या ट्रायल रजिस्ट्रीत पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंद कर, १ एप्रिल २०१८ पासून ते सुरू झालेल्या ट्रायलची नोंद घेतच नाहीत, तिथे उशीर झाला की संपलं. आणि कन्सॉर्टचा तो फ्लोचार्ट आजपासूनच वहीत काढायला घे: किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले, किती घेतले, मध्येच किती गेले, का गेले. हे मी जोर देऊन सांगतेय, कारण समज तुझ्या ३० पैकी ८ जणांना उलट्या झाल्या म्हणून ते यायचेच बंद झाले आणि तू राहिलेल्या २२ वरच हिशोब केलास, तर औषध फार छान निघेल, ज्यांना सोसलं तेच तेवढे उरले ना. ज्याला ज्या ग्रुपात टाकलंय त्याला त्याच ग्रुपात मोजायचं, गोळी घेवो न घेवो. आणि एवढं करूनही काही चुकलंच तर चुकलं असं लिही. परीक्षक रागावले तर त्यांना हे पान दाखव.

प्रश्न : आयुर्वेदिक तेलाच्या बाटलीवर "क्लिनिकली टेस्टेड" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय धरायचा? — लोकमान्य नगर

त्या दोन शब्दांवरून काहीच धरता येत नाही. किती लोकांवर, कशाशी तुलना करून, किती दिवस, हे त्यात नाही. आयुर्वेदाच्या ट्रायल्ससुद्धा सीटीआरआयवर नोंदवल्या जातात, वनौषधींच्या ट्रायल कशा लिहाव्यात यासाठी कन्सॉर्टची वेगळी पुरवणी २००६ पासून आहे, कारण तिथे झाडाचं नाव, कुठला भाग, अर्क कसा काढला हे पण सांगावं लागतं. कंपनीला पत्र टाकून सीटीआरआयचा नंबर मागा. आला तर मला पाठवा, मिळून वाचू.

प्रश्न : मॅडम, मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, १२ वर्षं झाली. कंपनी आम्हाला मोठ्या परदेशी जर्नलमधल्या पेपरचं चकचकीत रिप्रिंट देते, आम्ही डॉक्टरसमोर ठेवतो, पिवळ्या रंगानं खूण केलेली एक ओळ वाचून दाखवतो. मला नेहमी वाटायचं एवढ्या मोठ्या जर्नलनं छापलंय मतलब तपासूनच छापलं असेल. तुमचं मागचं वाचल्यापासून मन लागत नाहीये.

भाऊ, तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून मीही मनापासून सांगते. मोठं जर्नल असलं की तपासणी होते, पण एक गोष्ट तिथेही निसटते आणि ती तुम्ही घरी बसून मोबाइलवर पकडू शकता.

प्रत्येक ट्रायलचा एक मुख्य प्रश्न असतो, तो सुरू व्हायच्या आधी ठरवून लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ, या औषधानं एका वर्षात अटॅक कमी होतात का. आता समजा ट्रायल संपली आणि अटॅक काही कमी झाले नाहीत, पण मोजलेल्या २० गोष्टींपैकी पायाची सूज थोडी कमी दिसली. २० गोष्टी मोजल्या तर एखादी नुसत्या नशिबानंही चांगली दिसू शकते. मग पेपर लिहिताना सूज वर येते, अटॅक खाली जातात किंवा गायबच होतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सुजेसाठीच ट्रायल केली होती. बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढण्यातलाच हा प्रकार.

हे किती चालतं ते मोजलेलं आहे. २००४ मध्ये १०२ ट्रायल्सचे मूळ प्रोटोकॉल काढून छापलेल्या पेपरशी ताडून बघितले, ६२ टक्क्यांत निदान एक तरी मुख्य आऊटकम, म्हणजे मोजायचं ठरवलेली मुख्य गोष्ट, बदललेला, नव्यानं घातलेला किंवा गाळलेला होता. मग ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकर यांच्या टीमनं वैद्यकातली सगळ्यात नावाजलेली पाच जर्नल्स घेतली, ६७ ट्रायल्स तपासल्या, त्यातल्या फक्त ९ बिनचूक निघाल्या. आधी सांगितलेले ३५४ आऊटकम छापलेच नव्हते आणि ३५७ नवे गुपचूप घातलेले. नावाजलेली जर्नल्स, भाऊ. आणि २०१० च्या एका अभ्यासात अशा ७२ ट्रायल्स घेतल्या ज्यांत मुख्य प्रश्नाचं उत्तर साफ "फरक नाही" असं होतं, तरी त्यातल्या ५८ टक्क्यांच्या सारांशात निष्कर्षाच्या ओळीला गोड रंग दिलेला होता. तुमच्या रिप्रिंटवरची पिवळी ओळ बहुतेक सारांशातलीच असते, हो ना?

आधी लिहून घेतलं की किती फरक पडतो तेही बघा. अमेरिकन सरकारच्या हृदय, फुफ्फुस आणि रक्ताच्या संस्थेच्या पैशातून झालेल्या मोठ्या ट्रायल्स दोन संशोधकांनी मोजल्या. २००० सालापर्यंत छापलेल्या ३० पैकी १७ मध्ये औषधाचा ठळक फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. मधल्या काळात औषधं अचानक निकामी झाली नाहीत. २००० च्या सुमारास रजिस्ट्रीत आधी नोंद करायची पद्धत आली, मुख्य प्रश्न आधीच जाहीर करावा लागू लागला, आणि नंतर वर्तुळ काढायची सोय गेली, हे त्यामागचं मोठं कारण असावं असं त्या दोघांचंच म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं.

आता हातातलं रिप्रिंट घ्या. सारांशाच्या शेवटी रजिस्ट्रेशन नंबर असतो, आपल्याकडचा असेल तर सीटीआरआय, मग वर्ष, महिना, आकडा. तो वेबसाइटवर टाका. मुख्य आऊटकम काय लिहिलाय, किती पेशंट घ्यायचे ठरले होते, नोंद ट्रायलच्या आधीची की नंतरची हे सगळं तिथे फुकट दिसतं. रिप्रिंटशी जुळलं तर निर्धास्तपणे डॉक्टरांसमोर ठेवा. नाही जुळलं तर काय करायचं ते मी सांगायची गरज नाही, तुमचं मन लागत नाहीये यातच उत्तर आलं. पिवळ्या ओळीशेजारी मुख्य आऊटकमची ओळपण वाचून दाखवणारा एमआर कुठल्याही चांगल्या डॉक्टरला हवाच असतो, माझे कितीतरी विद्यार्थी आज प्रॅक्टिस करतात, ते हेच म्हणतात.

प्रश्न : ताई, २०२१ च्या लाटेत माझ्या दिरांना साधा ताप होता, ऑक्सिजन ९७, तरी घरीच स्टेरॉईड सुरू केली. त्यांना शुगर होती. पुढे काळी बुरशी झाली, एक डोळा काढावा लागला. तेव्हा सगळे म्हणत होते की इंग्लंडच्या ट्रायलनं सिद्ध झालंय. ती ट्रायल खोटी होती का? — राजेंद्र नगरच्या एक वहिनी

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्या उन्हाळ्यात इथल्या एमवाय हॉस्पिटलमध्ये काळ्या बुरशीच्या पेशंटचे वॉर्डच्या वॉर्ड भरले होते, आपल्या इंदूरनं जे बघितलं ते कोणी विसरणार नाही.

ट्रायल खोटी नव्हती. उलट आजच्या सगळ्या पत्रांत नीट लिहिलेल्या ट्रायलचं उदाहरण द्यायचं तर मी तीच देईन. रिकव्हरी तिचं नाव, २०२० ची, कोविडनं हॉस्पिटलात भरती झालेले पेशंट, २,१०४ जणांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त १० दिवस, आणि ४,३२१ जणांना नेहमीची देखभाल. २८ दिवसांत व्हेंटिलेटरवरच्या लोकांत स्टेरॉईड नसलेले ४१.४ टक्के गेले, असलेले २९.३ टक्के. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ आणि २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात उलटं, १४.० आणि १७.८, म्हणजे फायदा काहीच नाही, झाला तर अपायच असेल. हे तिन्ही आकडे त्यांनी पेपरच्या सारांशातच लिहिले होते, कुठे लपवलं नाही. याच ट्रायलनं कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधाचा उपयोग नाही हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं होतं.

त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि आपल्यापर्यंत एकच पोहोचली, स्टेरॉईडनं जीव वाचतो. तिसरी ओळ वाटेत कुठेतरी गळाली, बातम्यांत गळाली, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या औषधांच्या यादीत गळाली. डायबेटिस आणि वरून स्टेरॉईड, दोन्ही मिळून त्या बुरशीला वाट करून देतात. तुमच्या दिरांचं नुकसान भरून येणारं नाही आणि मी वरवरचं काही बोलणार नाही. पण ट्रायलवर राग धरू नका, ती तिसरी ओळ तिथे होती.

प्रश्न : मावशी, माझ्या आईला २०१० च्या सुमारास एका हॉस्पिटलात नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घेतलं होतं. कागदावर सही घेतली, औषध फुकट मिळायचं, दर महिन्याला रक्त घ्यायचे. आई २०१६ ला गेली, वेगळ्याच कारणानं. त्या ट्रायलचं काय निघालं हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. आई असताना नेहमी म्हणायची, माझ्या रक्तानं कुणाचं भलं झालं का ते तरी कळू दे. आता कळू शकतं का? — जुनी इंदूर

बाळ, कळू शकतं, निदान शोधता तरी येतं, आणि आईचा तो प्रश्न अगदी रास्त होता.

आपल्या शहरात तेव्हा या विषयावरून केवढा गदारोळ झाला तो तुला आठवत असेल. न सांगता, न समजावता पेशंट ट्रायलमध्ये घेतले असे आरोप झाले, २०१२ मध्ये इंदूरचीच स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली, आणि २०१३ पासून नुकसानभरपाईचे, एथिक्स कमिटीच्या नोंदणीचे नियम कडक झाले, ज्या पेशंटवर दबाव येऊ शकतो त्यांची संमती रेकॉर्ड करायचा नियम आला, २०१९ ला सगळे नियम नव्यानं एकत्र झाले. ही लढाई फार मोलाची होती. पण सगळी चर्चा सही नीट घेतली का यावर झाली. सही घेतल्यावर जे निघालं ते सांगितलं का, हा तुझ्या आईचा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही, आणि मला तो तितकाच मोठा वाटतो.

तो किती मोठा ते एका गोष्टीवरून बघ. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला लॉरकेनाईड नावाचं हृदयाचे ठोके नीट करणारं औषध ९५ पेशंटवर वापरून बघितलं. औषधवाल्यांत ९ गेले, बिनऔषधवाल्यांत १. डॉक्टरांना वाटलं योगायोग असेल. कंपनीनं धंद्याच्या कारणानं ते औषध सोडून दिलं आणि निकाल कपाटात राहिला. त्याच जातीची दुसरी औषधं पुढे वर्षानुवर्षं अटॅक आलेल्या लोकांना दिली गेली, १९८९ मध्ये कास्ट नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये कळलं की त्यातली दोन औषधं माणसं वाचवण्याऐवजी मारत होती. नॉटिंगहॅमवाल्यांनी आपले आकडे १९९३ ला छापले आणि स्वतःच लिहिलं की हे वेळेवर छापलं असतं तर आधीच सावध होता आलं असतं. ते ९ जण काही सांगून गेले होते. कोणी ते पुढे पोहोचवलं नाही.

आणि हे एकदाच झालं असं नाही. २००८ मध्ये डिप्रेशनच्या औषधांच्या ७४ ट्रायल्सचा हिशोब लागला, अमेरिकन सरकारकडे कंपन्यांनी सगळ्याच दाखल केल्या होत्या म्हणून कळलं. ३८ मध्ये औषध चांगलं निघालं, त्यातल्या ३७ छापल्या. ३६ मध्ये नाही निघालं किंवा शंकास्पद, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ चांगल्या वाटतील अशा लिहिल्या, जशा होत्या तशा फक्त ३. त्या न छापलेल्यांतही कुणाच्या तरी आया होत्या, त्यांनीही दर महिन्याला रक्त दिलं होतं. जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात साफ लिहिलंय की नकारात्मक आणि काहीच न ठरलेले निकालसुद्धा छापलेच पाहिजेत.

आता शोधायचं कसं. आधी घरातले जुने कागद काढ, ट्रंक, फाइल, आईची पर्स. माहितीपत्रकाची एक प्रत पेशंटला देतात, तिच्यावर वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात प्रोटोकॉल नंबर असतो. आपल्याकडे १५ जून २००९ पासून सीटीआरआयवर नोंद सक्तीची झाली, त्यामुळे २०१० ची ट्रायल तिथे असायला हवी. आजाराचं नाव टाक, त्या वर्षांच्या नोंदी उघड आणि कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात चालली त्या यादीत इंदूर शोध. कंपनी परदेशी असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेची रजिस्ट्रीपण बघ, तिथे ठिकाणाच्या रकान्यात इंदूर टाकता येतं आणि बऱ्याच ट्रायल्सचे निकालही तिथेच चढवलेले असतात, किती जणांना काय त्रास झाला त्यासकट. काहीच सापडलं नाही तर त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला साधं पत्र लिही, आईचं नाव, साल, डॉक्टरांचं नाव, आणि एकच प्रश्न की या ट्रायलचा निकाल कुठे छापला. पत्राची पोच घे.

इंग्रजीची भीती वाटू देऊ नको. नंबर सापडला की मला कळव, एखाद्या रविवारी दुपारी घरी ये, आईचे कागद घेऊन ये, आपण दोघी बसून पहिल्या पानापासून वाचू.